हवा बघून कॉलेज निवडायचं? हो, बघूनच निवडायचं!

आमच्या घरात फेब्रुवारीपासून एकच विषय चालू होता. माझी भाची, ताईची थोरली, पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि भूजलावर पीएचडी करायची म्हणून तिनं इकडंतिकडं अर्ज टाकले. मार्चपर्यंत तीन दारं उघडली. एक, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका नावाजलेल्या विद्यापीठात एम.एस., सगळा खर्च आपला. दुसरं, ॲरिझोना राज्यातल्या टुसॉन गावात पीएचडी, फी माफ आणि वर महिन्याला स्टायपेंड. तिसरं, आपल्याच देशात जोधपूरला, फेलोशिपवर पीएचडी.

घरच्यांचं मत आधीच ठरलेलं. मोठं नाव सोडायचं नाही. कर्ज काढू, फेडू. दाजी तर बँकेत जाऊन कागदपत्रांची यादीही घेऊन आले. आणि पोरगी म्हणाली, "मला कोरड्या हवेच्या ठिकाणी जायचंय. त्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते एप्रिल रिपरिप पाऊस असतो. मला नाही जमणार."

झालं! घरात हलकल्लोळ. तिचे काका म्हणाले, "हवा बघून कॉलेज निवडतात का गं? महाबळेश्वरला फिरायला चाललीस का?" आजी म्हणाली, "आधी सोलापूरच्या उन्हाला नावं ठेवायचीस, आता ऊनच पाहिजे होय?" सगळे हसले. ती मात्र हसली नाही.

मी सोलापुरात पंचवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतोय. हवामान हा माझ्या पोटापाण्याचा विषय. त्यामुळे शेवटी प्रकरण मामाकडं आलं. त्या दोन महिन्यांत जे वाचलं, विचारलं आणि मला जे वाटलं ते इथं मांडतोय. एकट्या माझ्या भाचीचा हा प्रश्न नाही. आपल्या भागातली बरीच मुलं आता बाहेर निघाली आहेत, आणि त्यांना सल्ला देणारे आपण सगळे रँकिंगच्या पलीकडं बघत नाही.

आधी हे सांगतो, की तिला दमा आहे. लहानपणापासून. सोलापुरात तिला त्रास कमी असायचा. पुण्यात गेली आणि पहिल्याच पावसाळ्यात हॉस्टेलच्या भिंतीला ओल, कपाटात बुरशी, गादीला कुबट वास. ऑगस्टमध्ये एका रात्री तिच्या मैत्रिणींनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आम्हाला फोन पहाटे आला. ताई त्या दिवशी एसटीत बसून पुण्याला कशी पोहोचली ते तिचं तिला माहीत. दोन वर्षांच्या एम.एस्सी.त असे तीन प्रसंग आले. एक सेमिस्टर कसाबसा निघाला.

आता सांगा, हवा बघून कॉलेज निवडणं हा नखरा आहे का?

पीएचडीला पाच वर्षं लागतात, कधी सहा. वेधशाळेतली दुर्बीण, प्रयोगशाळेतलं यंत्र यांची आपण किती काळजी घेतो! तापमान किती, दमटपणा किती, धूळ किती. आणि ज्या शरीरानं ते यंत्र चालवायचं, त्याला म्हणायचं "कर सहन". दमा असू दे, संधिवात असू दे, ज्याला ओल सोसत नाही त्यानं कोरडी हवा मागणं हा त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे. ताप आला की परीक्षा बुडते हे आपल्याला कळतं. वर्षातले चार महिने श्वास पुरत नसेल तर संशोधन बुडतं, हेही कळायला पाहिजे की.

इतकं मी घरात ठणकावून सांगितलं. भाचीला वाटलं, मामा आपल्या बाजूचा. पण मग मी तिला म्हणालो, "हवा बघायची तर नीट बघ. नकाशावर पिवळा रंग दिसला म्हणजे कोरडी हवा, असं नसतं." खरा अभ्यास तिथून सुरू झाला.

पहिली गोष्ट, वाळवंट आणि कोरडी हवा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सौदी अरेबियात थुवलला किंग अब्दुल्ला विद्यापीठ आहे, २००९ साली सुरू झालं. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला पूर्ण फेलोशिप. ऐकून दाजींचे डोळे चमकले. पण हे गाव तांबड्या समुद्राच्या काठावर आहे. मागं वाळवंट, पुढं समुद्र, आणि हवेत घामट दमटपणा. दुबईला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, ऑगस्टमध्ये एसीतून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते. दम्याचं कारण ओल असेल तर हे वाळवंट कामाचं नाही.

दुसरी गोष्ट, कोरडं म्हणजे कधी कोरडं? ऑस्ट्रेलियातलं पर्थ, ॲडलेड, कॅलिफोर्नियाचा बराचसा भाग इथं उन्हाळा कोरडा ठणठणीत, पण पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणजे थंडी आणि ओल एकत्र. आपल्याकडं उलटं. वर्षाची सरासरी बघून निर्णय घेतला तर फसायला होतं. महिन्यामहिन्याचा पाऊस आणि दमटपणा बघायचा. भूगोलाच्या पुस्तकात बारा महिन्यांचे स्तंभालेख असतात ना, मुलं ज्यांच्याकडं ढुंकून बघत नाहीत, ते इथं कामाला येतात.

तिसरी गोष्ट टुसॉनची. हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७३० मीटर उंचीवर, सोनोराच्या वाळवंटात. जूनमध्ये पारा ३८-३९ अंशांवर, दुपारी हवेत दमटपणा नावाला. हिवाळ्यात दिवस उबदार, रात्री चार-पाच अंशांपर्यंत थंड. वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्याही आत. आणि गंमत म्हणजे तिथंही जुलै ते सप्टेंबर पाऊस येतो आणि तिथले लोकही त्याला 'मान्सून'च म्हणतात. भाचीला हे ऐकून इतका आनंद झाला की जणू गावाकडचं कुणी भेटलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून अमेरिकेतले क्षयाचे रोगी कोरड्या हवेसाठी टुसॉन आणि फिनिक्सला यायचे. तंबू ठोकून राहायचे. आपल्याकडंही मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाचा दवाखाना उभा राहिलाच होता. औषध नव्हतं तेव्हा हवा हेच औषध. म्हणजे माझी भाची काही जगावेगळं मागत नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षं लोक हेच मागत आलेत.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती मी तिला मुद्दाम वाचायला लावली. बाहेरून आलेल्या लोकांना आपल्या गावासारखी हिरवळ पाहिजे होती. त्यांनी तुती लावली, ऑलिव्ह लावलं, लॉन केली. या झाडांचे परागकण इतके उडायला लागले की ज्या गावात लोक श्वासासाठी यायचे तिथंच ॲलर्जी वाढली. शेवटी १९८० च्या दशकात तिथल्या काउंटीला तुती आणि ऑलिव्हच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. त्याच सुमाराला, १९८० पासून, तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी बाराशेहून अधिक नवजात बाळांची नोंद करून ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्या श्वसनाचा अभ्यास केला. बालदम्याबद्दल आज डॉक्टरांना जे माहीत आहे त्यातलं बरंच या अभ्यासातून आलंय. कोरड्या गावात दमा नसता तर हा अभ्यास तिथं झालाच नसता!

घरातलं बघा. गादीतल्या धुळीत जे सूक्ष्म किडे असतात, ज्यांच्यामुळं बऱ्याच जणांचा दमा उठतो, त्यांना जगायला दमट हवा लागते. कोरड्या घरात ते टिकत नाहीत. पण टुसॉनच्या जुन्या, स्वस्त भाड्याच्या घरांत एसीऐवजी पाण्याचे कूलर असतात. आपल्याकडं असतात तेच, पाणी टाका, गवताची जाळी ओली करा, पंखा फिरवा. असा कूलर घरात दमटपणा आणतो आणि किड्यांना आयतं घर मिळतं. म्हणजे बाहेर वाळवंट आणि खोलीत पुण्याचं हॉस्टेल! भाड्याचं घर बघताना भाचीनं आता पहिला प्रश्न हाच विचारायचाय.

आणि एक धोका तर मला आधी ठाऊकच नव्हता. ॲरिझोनाच्या मातीत एक बुरशी असते. माती उकरली, वादळानं उडाली, की तिचे कण श्वासातून फुप्फुसात जातात आणि 'व्हॅली फीवर' होतो. एकाचा दुसऱ्याला होत नाही. बहुतेकांना साध्या फ्लूसारखा होऊन जातो, पण काहींना महिनोन्महिने पिडतो, आणि ज्यांना तोंडावाटे स्टेरॉइड घ्यावं लागतं त्यांना जास्त सांभाळावं लागतं. अमेरिकेत या रोगाच्या नोंदी होतात त्यातल्या बहुतेक ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातल्या. भूशास्त्राची पोरगी, माती उकरणं हेच तिचं काम. हे माहीत नसताना गेली असती तर?

उन्हाचंही तसंच. फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता, आणि त्या एका वर्षात फिनिक्सच्या काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. श्रीमंत देशातली ही संख्या आहे. सोलापूरकर ऊन सोसतो हे खरं. पण आपण दुपारी बारा ते चार दार लावून आत बसतो, हे शहाणपण तिथं बरोबर न्यायला पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं, हवा बघून निवडा, पण स्थळ बघताना जशी चौकशी करतो तशी हवेची चौकशी करा. आपल्या डॉक्टरला विचारा, की मला त्रास नेमका कशाचा होतो? ओलीचा, धुळीचा, परागाचा की थंडीचा? चारही कारणांची गावं वेगळी आहेत. धुळीचा त्रास असणाऱ्याला मी ना जोधपूर सुचवीन, ना टेक्सासमधलं लबक. तपासण्या करून भाचीचं कारण निघालं ओल आणि बुरशी. मग टुसॉन तिच्यासाठी बरं ठरलं, जोधपूर दुसऱ्या नंबरावर गेलं, आणि तो किनारा बाद झाला.

आता दुसरा मुद्दा. नुसती हवा चांगली म्हणून पाच वर्षं कुठं काढायची नसतात. तिथं शिकायला काय आहे?

इथं मला खरं आश्चर्य वाटलं. टुसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठानं आपल्या कोरडेपणालाच विषय केलंय. गावाच्या कडेला तुमामॉक नावाची टेकडी आहे, तिथं १९०३ साली वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उघडली. १९३७ साली झाडांच्या वर्तुळांवरून जुने दुष्काळ आणि पावसाळे शोधणारी जगातली पहिली प्रयोगशाळा तिथं सुरू झाली. ती सुरू करणारे अँड्र्यू डग्लस हे मुळात खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचा आणि पावसाचा संबंध शोधता शोधता ते झाडांपाशी पोहोचले. आकाश कोरडं, निरभ्र, म्हणून जवळच्या किट पीक डोंगरावर १९५८ साली राष्ट्रीय वेधशाळेसाठी जागा ठरली. १९६० साली जेरार्ड कायपर यांनी चंद्र आणि ग्रहांची प्रयोगशाळा काढली. त्याच विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेनं बेन्नू या लघुग्रहावरची माती २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पृथ्वीवर आणली. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षक गॅलरीखाली दुर्बिणींचे प्रचंड आरसे ओतले जातात. आणि जलविज्ञान हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून शिकवायला सुरुवात करणाऱ्या अगदी पहिल्या विद्यापीठांत हे एक. पाणी नाही, म्हणून पाण्याचा अभ्यास!

भाचीच्या विषयासाठी याहून बरी जागा कुठली? १९८० साली ॲरिझोनानं भूजलाच्या उपशावर कडक कायदा केला. कोलोरॅडो नदीचं पाणी पाचशेहून अधिक किलोमीटर कालव्यानं आणून टुसॉनजवळ जमिनीत मुरवलं जातं आणि लागेल तसं उपसलं जातं. उजनीचं पाणी नळाला कधी येतं याची वाट बघत वाढलेल्या पोरीला हे बघायचंय, यात नवल काय.

पण एक गोष्ट मी तिला म्हणालो आणि ती तिलाही पटली. टुसॉनच्या खाली शेकडो मीटर वाळू-रेतीचे थर आहेत. आपल्याखाली काळा पाषाण, बेसाल्ट. पाणी राहतं ते फटीत आणि झिजलेल्या मुरमात. तिथं जे मुरतं तसं इथं मुरत नाही. तिथली पद्धत उचलून आणली आणि मोहोळमध्ये लावली, असं होत नसतं. म्हणून प्रोफेसरांना पत्र लिहिताना तिनं विचारलं, कठीण खडकातल्या भूजलावर काम करता येईल का? त्यांचं उत्तर आलं, येईल. या एका ओळीचं वजन माझ्या मते रँकिंगच्या दहा यादींपेक्षा जास्त होतं.

पैशाचं म्हणाल तर तिथंही आपण उलटा विचार करतो. एम.एस. लवकर होतं, नाव मोठं, म्हणून चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज. अमेरिकेत विज्ञानातल्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल स्टायपेंड मिळतो. हे आपल्या भागातल्या कितीतरी पालकांना माहीतच नाही. घर गहाण टाकायची तयारी आहे, पण ही चौकशी नाही. तिथं एक रीतही आहे, पीएचडीच्या पैशासकट आलेल्या प्रस्तावावर निर्णय द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. कुणी आठ दिवसांत हो म्हण असा लकडा लावला तर शांतपणे ही तारीख विचारावी.

सावध राहायलाही पाहिजे. २०२५ मध्ये अमेरिकेत संशोधनाच्या सरकारी पैशाला कात्री लागली, काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेशच कमी केले, व्हिसाची धाकधूक वेगळी. म्हणून स्टायपेंड किती वर्षांचा, कुणाच्या पैशातून, प्रकल्प बंद पडला तर काय, हे सगळं लेखी मागायचं. आणि आरोग्य विम्यात दम्याची औषधं, इन्हेलर बसतात का, हेही. तिनं मागितलं. मिळालं. मग १४ एप्रिलला रात्री साडेअकराला तिनं टुसॉनला होकार कळवला. ताई देवापुढं साखर ठेवून आली. दाजींनी बँकेची यादी कपाटात ठेवून दिली.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी गच्चीत बसलो होतो, बेचाळीस अंशांची संध्याकाळ, आणि ती म्हणाली, "मामा, हवा कोरडी पाहिजे होती, दुष्काळाचा अभ्यास करायचा होता, बेसाल्टमधलं पाणी शोधायचं होतं. हे तिन्ही इथंच आहे की. मग मी चौदा हजार किलोमीटर कशाला चाललीय?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. भूगोलाच्या मास्तरला!

विचार करा. आपण पर्जन्यछायेतली माणसं. कोरडेपणा म्हटलं की आपल्याला टँकर आठवतो, चारा छावणी आठवते, बहात्तरचा दुष्काळ आठवतो. ते आठवणारच, सोसलंय. पण हीच हवा कधीकाळी शास्त्रज्ञांना इथं ओढून आणायची हे आपण विसरलो. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं, तेव्हा अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळी अर्ध्या जगाला वळसा घालून करमाळा तालुक्यातल्या जेऊरला आली होती. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवालाही तिथंच होते. का? आकाश स्वच्छ मिळणार म्हणून. आज जेऊर स्टेशनवरून गाडी जाते तेव्हा किती जणांना हे माहीत असतं?

आणि आपल्याकडं काहीच झालं नाही असंही नाही. कोरडवाहू शेतीचं संशोधन सोलापूरला १९३३ पासून चालू आहे. ज्या मालदांडी ज्वारीची भाकरी आपण खातो ती मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडून आलेली. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून दुष्काळ, उष्णता, क्षार असल्या ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. पुण्याच्या आयआयटीएमनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात ढगांत बीजारोपणाचे प्रयोग केले ते सोलापूरच्याच आकाशात. विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, ती बघायला बाहेरची माणसं येत राहिली.

म्हणजे माल भरपूर आहे, पण वेगवेगळ्या डब्यांत. ज्वारीवाला ज्वारीत, ढगवाला ढगात, विहीरवाला विहिरीत, डॉक्टर दवाखान्यात. उन्हाळ्यात किती माणसं उष्माघातानं आजारी पडतात, त्याचा घराच्या पत्र्याशी काय संबंध, विहीर कधी आटते, त्या वर्षी किती पोरींची शाळा सुटते, हे सगळं एका टेबलावर आणून त्यावर पीएचडी करणारी पंचवीस वर्षांची पोरं आपल्याकडं कुठं आहेत? टुसॉनला कोरड्या प्रदेशांवर अशी अनेक विषयांना जोडणारी पीएचडी कित्येक वर्षं चालत आलीय. आपल्याकडं त्याहून जास्त माणसं कोरड्या प्रदेशात राहतात.

कुणी म्हणेल, पैसा कुठाय? हिशोब करू. २०२३ पासून केंद्राची जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आहे. वर्षाचे ४ लाख ४४ हजार. दहा विद्यार्थी घेतले तर वर्षाला ४४ लाख ४० हजार. त्यावर घरभाडं भत्ता, फिरतीचा खर्च, थोडी उपकरणं धरा आणि दुप्पट करा. तरी नव्वद लाखांच्या आत. सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर, सांगलीचा पूर्व भाग, अहिल्यानगरचा दक्षिण भाग, एवढ्या मोठ्या मुलुखासाठी वर्षाला नव्वद लाख! एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाची पाटी वाचताना हा आकडा आठवून बघा.

मी कुठल्या एका संस्थेला दोष देत नाही. तिथं काम करणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, आहे त्यात राबतात. दोष आपल्या सगळ्यांच्या नजरेचा आहे. निवडणुकीत आपण रस्ता मागतो, कालवा मागतो, विमानतळ मागतो. चुकीचं नाही. पण "आमच्या दुष्काळावर आमच्या पोरांना इथं पीएचडी करता आली पाहिजे" अशी मागणी घेऊन कुणी आमदाराच्या दारात गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. मीसुद्धा गेलो नाही. पंचवीस वर्षं पर्जन्यछाया फळ्यावर काढून दाखवली, सह्याद्री काढला, बाण काढले, आणि खाली लिहिलं 'कमी पावसाचा प्रदेश'. तो अभ्यासाचाही प्रदेश आहे, हे पोरांना एकदाही सांगितलं नाही. हे माझं चुकलंच.

आपल्याकडच्या एखाद्या लेकराला बाहेर शिकायला जायचं असेल आणि ते म्हणालं, मला हवा सोसत नाही, दुसरं गाव बघू, तर त्याला हसू नका. त्याच्याबरोबर बसा. बारा महिन्यांचा पाऊस बघा, डॉक्टरला विचारा, घरात कूलर आहे की एसी ते विचारा, प्रोफेसरांना नेमका प्रश्न विचारा, पैसे लेखी घ्या. रँकिंग त्यानंतर बघा.

भाची ऑगस्टमध्ये जाईल. तिची बॅग आजपासूनच भरायला घेतलीय, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आधी, इन्हेलर नंतर, असा आजीचा क्रम. तो आम्ही उलटा करून ठेवलाय.

आणि मी पुढच्या सोमवारी, आमच्या कॉलेजातल्या दोघा सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, वर लिहिलेला हिशोब एका कागदावर मांडून, आपल्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात देणार आहे. पंचवीस वर्षं उशिरा का होईना. ज्यांना पटतंय त्यांनी बरोबर यावं. सकाळी लवकर निघू, दुपारचं ऊन फार आहे.